वरचा दात खालच्याला खातो तेव्हा

"खाल्ला," मॅडम म्हणाल्या. "वरच्या दातानं खालचा दात खाल्ला, बाई."

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्या मागे झुकणाऱ्या खुर्चीत मी तोंड वासून पडले होते. तोंडात थुंकी ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा. मला वाटलं, चेष्टा करतात. दात भात खातो, मासोळी खातो, फार तर जीभ चावतो. दातानं दात खाल्ल्याचं मी बापजन्मी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी नळी काढली, खुर्ची सरळ केली आणि माझ्या हातात आरसा दिला. वरचे समोरचे दोन दात म्हणजे माझ्या कॅपा. आजच दुकानातून आणल्यासारख्या, एक ओरखडा नाही. त्यांच्या खाली माझे चार दात झिजून आखूड झालेले. त्यांच्यावर केलेलं पांढरं भरण कडेनं उडालं होतं आणि मधून पिवळं दिसत होतं. ते पिवळं म्हणजे डेंटिन, दाताच्या कडक कवचाच्या आतला थर. तो उघडा पडला की गार पाणी झोंबतं. मी तेच सांगायला आले होते, की सकाळी चूळ भरली की डोक्यापर्यंत कळ जाते.

"चारांपैकी एकाची नस जवळ आली आहे," मॅडम एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या. "ती जगेल की मरेल, ते आज मी सांगू शकत नाही. दोन रस्ते आहेत. चारही काढून तिथं नकली दातांचा ब्रिज बसवायचा. ते लवकर होतं. नाहीतर वाचवायचा प्रयत्न करायचा. त्याला वेळ लागेल, आणि वाचतीलच याची गॅरंटी नाही."

"काढायचे नाई," मी म्हटलं.

"घाई नको. घरी विचारा."

"दात माहे हायेत. घरी काय विचारू?"

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली.

मी सुनंदा. चामोर्शीहून वैनगंगेकडे गेलं की नदीकाठी आमचं गाव लागतं. आम्ही ढिवर. माझा नवरा मुरली, तो नदीत आणि तलावात जाळं टाकतो, मी जाळी विणते आणि फाटलेली सांधते. बारावी शिकले आहे, त्यामुळे लिहायचं भय नाही. भय एकाच गोष्टीचं होतं आणि ती गोष्ट माझ्या मायच्या तोंडात होती. खरं म्हणजे नव्हती.

माझं माहेर गावातच, दोन गल्ल्या सोडून. मायच्या तोंडात आज एकही दात नाही. तिचा एक दात दुखला, काढला. मग दुसरा दुखला, तोही काढला. जो कोणी सुई आणि पकड घेऊन आला, त्यानं एक काढला आणि निघून गेला. भरता येतो का, असं कोणी तिला विचारलं नाही आणि तिनंही कोणाला विचारलं नाही. भाजलेली सुकी मासळी तिला जीव की प्राण. आता ती आम्ही कुटून भातात कालवून देतो. पन्नाशी व्हायच्या आत तिनं लग्नाला जाणं सोडलं, कारण पंगतीत सगळे खातात आणि ती भात चोखते. माझा राग इथून सुरू होतो, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

आमच्या कामात दात हे हत्यार आहे. जाळं सांधताना एका हातात सुई, दुसऱ्या हातात गाठ, मग धागा तोडायला तिसरा हात कुठून आणायचा? तो समोरच्या दातांत धरायचा आणि कट. लहानपणापासून हेच केल्यामुळे आमच्या घरातल्या बायांच्या वरच्या दाताला बारीक खाच पडलेली असते. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला हसायला लावलं. मी लाजून हसले. त्यांनी खाच पाहिली आणि सोबतच्या बाईला म्हणाल्या, "पोरीले काम येते." स्वयंपाकाचं कोणी विचारलंही नाही.

धाग्यानं दात नुसता झिजतो. तुटला तो शिशानं. फेकजाळ्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या लावतात, म्हणजे जाळं पाण्यात झटकन बुडतं. गोळीला चीर असते. चिरेत दोरी घालायची आणि गोळी दाबून बंद करायची. घरात पक्कड होती. पण पक्कड आणायला उठावं लागतं आणि दात तोंडातच असतात. त्या दिवशी कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं, गोळी बसली. गोळी होती तशीच होती, वरच्या दाताचा तुकडा जिभेवर आला होता आणि शेजारच्या दाताला उभी चीर गेली होती.

त्यानंतर गावच्या शाळेत दातांचं शिबिर लागलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंड बघायच्या आधी विचारलं, "खर्रा किती खाता?" खर्रा म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी; आमच्या जिल्ह्यात दाताचा डॉक्टर रामराम करायच्या आधी खर्रा विचारतो. खाणारे खूप आहेत, डॉक्टरांचं चूक नाही. पण मी खात नाही म्हटलं तरी त्यांनी माझा गाल दोन्हीकडून ओढून पाहिला. मग म्हणाले, "वरचे हे दोन काढून टाकू. नंतर प्लेट बसवता येईल."

मी उठून बसले. मागे रांगेत माझी जाऊ पुष्पा होती. ती म्हणाली, "काढून टाक न व. दोन दातानं काय होते? आपल्याले का सिनेमात जायाचं हाये?"

मी वरचे दात काढू दिले नाहीत. मग डॉक्टरांनी खालच्या दातांच्या कडेला झीज होती तिथं ग्लास आयोनोमर भरलं. ही एक पूड असते, ती एका द्रावात कालवतात. भरण पांढरं दिसतं, दाताला आपणहून चिकटतं आणि त्यातून फ्लोराईड हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे कीड लवकर लागत नाही. हिरडीजवळ, जिथं चावा पडत नाही, तिथं ते उत्तम. पण ते ठिसूळ असतं. चावायच्या कडेवर ते टिकत नाही. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा शिबिरात हाताशी तेवढंच होतं आणि दाताला काहीतरी लागलं, एवढ्यावर मी खूश होते.

कडा काही दिवसांनी उडू लागल्या. मग चामोर्शीला बाजाराच्या दिवशी गेले असता तिथल्या दवाखान्यात कॉम्पोझिट करून घेतलं. कॉम्पोझिट म्हणजे काचेच्या बारीक कणांची राळ. ती लोण्यासारखी मऊ असते, दातावर आकार देऊन लावतात आणि निळा दिवा दाखवला की दगडासारखी होते. दिसायला इतकी छान की कुठं दात संपला आणि कुठं भरण सुरू झालं, ते मलाही कळेना. फक्त ते केलं उरलेल्या जुन्या ग्लास आयोनोमरवर. खालचं जुनं भरण आधीच सैल होतं, त्यावर नवं चढवलं. सारवलेल्या भिंतीवरचा पोपडा न काढता वरून रंग मारावा, तसं ते काम झालं.

राहिले वरचे दोन. त्यांच्यासाठी मी आणखी एका शहरातल्या दवाखान्यात गेले. तिथं रूट कॅनाल झालं, म्हणजे दाताच्या मुळातली मेलेली नस काढून पोकळी साफ करून बंद केली. मग कॅपेचा प्रश्न आला. डॉक्टरांनी टेबलावर तीन-चार नमुने मांडले. सगळे पांढरे. मी विचारलं, "यातली सर्वांत कडक कोणती?" ते म्हणाले, "झिरकोनिया." मी म्हटलं, "तेच द्या जी."

आम्ही दोर घेतो तो बळकट बघून, गळ घेतो तो न वाकणारा. ढिवराला बळकट म्हणजे चांगलं, एवढंच ठाऊक. दाताला समोर आणखी एक दात असतो आणि त्यालाही जगायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांच्याही आलं नसावं, नाहीतर त्यांनी विचारलं असतं.

कॅपा बसवल्यावर चावा उंच लागत होता. त्यांनी मशीननं मागच्या बाजूनं घासून उंची कमी केली. "आता बरं वाटतं का?" बरं वाटत होतं. मी घरी आले. कॅपेच्या मागे जीभ लावली की खरखर लागायची. मी म्हटलं, नवी आहे, सवय होईल. जिभेला सवय झाली. खालच्या दातांना झाली नाही.

झीज रोज दिसत नाही. सुरुवातीला धागा एका झटक्यात तुटेना, दोनदा ओढावा लागे. मग खालच्या भरणाचा एक पापुद्रा भातात निघाला, मी खडा समजून थुंकला. मग गार पाणी. मुरलीनं आंघोळीच्या गरम पाण्यातून माझ्यासाठी चुळीचं पाणी काढून ठेवायला सुरुवात केली. तो फार बोलत नाही. एक दिवस एवढंच म्हणाला, "चंद्रपूरले मोठ्या मॅडम हायेत म्हणते. दाखवून ये न." म्हणून मी मूल गावावरून जाणाऱ्या बसनं चंद्रपूरला गेले आणि दातानं दात खाल्ल्याचं ऐकून आले.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी समजावून सांगितलं. माझ्या तोंडात तीन वस्तू होत्या. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही दाताच्या रंगाच्या, म्हणून मला वाटे एकच. पण स्वभाव तीन. ग्लास आयोनोमर दाताला धरून राहतं, पण मार सोसत नाही. कॉम्पोझिट मार सोसतं, थोडं झिजतं, थोडं दबतं, आणि खालचा पाया पक्का असला तरच टिकतं. झिरकोनिया झिजतच नाही.

"झिरकोनिया वाईट नाही, बाई," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत असेल तर समोरच्या दाताला फार त्रास देत नाही. पण ते एकदा घासलं की पुन्हा चकाकी येईपर्यंत पॉलिश करावं लागतं. तुमचं राहून गेलं. आता त्याची मागची बाजू कानशीसारखी आहे."

त्यांनी माझं नख कॅपेच्या मागे घासायला लावलं. नखाची पूड निघाली. मला तेव्हा इतका संताप आला की मी त्या जुन्या डॉक्टरांना मनातल्या मनात दातओठ खाऊन शिव्या दिल्या. दातओठ खायला दात कमी होते, ते वेगळं.

मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. खर्रा सर्वांनी विचारला होता. मी सगळं सांगितलं, धाग्याचं आणि शिशाचंही. शिसं ऐकल्यावर मॅडमनी हातातलं खाली ठेवलं. शिसं हे विष आहे, ते तोंडातून पोटात जातं, पोटातून रक्तात आणि हाडांत जाऊन बसतं, आणि पोटुशी बाई असेल तर बाळालाही पोचतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "शिसं आजपासून बंद. याच्यात ऐकून घेणार नाही." मी मान डोलावली. रक्ताची तपासणीही करून घेतली. ती ठीक निघाली, पण रिपोर्ट येईपर्यंत मी पोरांची लहानपणं आठवत बसले होते.

"आणि धागा पण कात्रीनं कापा," त्या पुढे म्हणाल्या.

तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, मले दात कपाटात ठेवाले नाई पाह्यजे. हत्तीसारखे दाखवाचे एक अन् खायाचे एक, असे दोन जोड माह्यापाशी नाई. काम करता येईन असे दात द्या, नाई तं राहू द्या."

बोलून गेले आणि वाटलं, आता बाहेर काढतात. मॅडमनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी जाळं घेऊन या. तुम्ही धागा कसा तोडता, ते मला बघायचं आहे."

आता हा प्रवास ऐका. जाळं धुवून, उन्हात वाळवून, पिशवीत घातलं होतं. पण जाळ्याचा वास साबणानं जात नाही. बसमध्ये शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. कंडक्टर म्हणाला, "बाई, मासोळीचं गाठोडं टपावर ठेवा." मी म्हटलं, "मासोळी नाई, दाताचा एक्स-रे हाये." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे सगळे थांबे तो माझ्याजवळ फिरकला नाही. चंद्रपूरला दवाखान्यात ती खोली थंडगार, काचेचं दार, भिंतीवर हसऱ्या बायांचे फोटो. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. लोक एकेक खुर्ची सरकत गेले. मी हलले नाही. ज्यांना वास नको त्यांनी मासोळी खाणं सोडावं.

खुर्चीत बसून मी जाळं मांडीवर पसरलं. मॅडमनी आधी नेहमीसारखा निळा कागद दातांत धरायला दिला. हा कागद चावला की जिथं जिथं दात टेकतो तिथं निळा ठिपका उमटतो. "दाबा." मी दाबले. ठिपके मागच्या दाढांवर आले, समोर काहीच नाही. "बघा," त्या म्हणाल्या, "नुसतं दाबलं तर सगळं बरोबर दिसतं. आता धागा तोडा."

मी सुई घेतली, गाठ मारली, धागा ओढला आणि दातांत धरला. मध्ये त्यांनी दुसरा, लाल कागद सरकवला. कट्ट. त्यांनी माझा खालचा ओठ ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मला आरसा दिला. झिजलेल्या चारही दातांच्या टोकावर लाल रेघ, आणि डाव्या बाजूच्या दातावर, ज्याची नस जवळ आली होती त्याच्यावर, सर्वांत ठसठशीत.

"तुम्ही धागा तोडताना जबडा पुढे आणता," त्या म्हणाल्या. "वरच्या दाताच्या टोकावर खालच्याचं टोक येतं. आणि थोडा डावीकडे सरकवता. हे नुसतं 'दाबा' म्हटलं तर कधीच दिसलं नसतं."

मी चाळीस वर्षं धागा तोडते आहे. जबडा पुढे येतो, हे मला माहीत नव्हतं. आजवर माझा चावा तपासणाऱ्यांनी मला जेवणारी बाई समजून तपासलं होतं. काम करणारी बाई समजून कोणी तपासलं नव्हतं. यात मॅडमचं मोठेपण असं की त्यांना ठाऊक नव्हतं ते त्यांनी बघायचं ठरवलं. इतकं साधं आहे, पण फार कमी लोक करतात.

मग काम सुरू झालं. पहिल्यांदा वरच्या कॅपा. त्या न काढता जिथं त्यांच्यावरही लाल रेघ उमटली होती तिथून थोड्या कमी केल्या आणि रबराच्या चाकांनी, एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या, इतक्या घासल्या की जीभ घसरू लागली. मग खालचं सगळं जुनं भरण खरवडून काढलं. नस जवळ आलेल्या दातावर मॅडमनी ग्लास आयोनोमरचंच झाकण बसवलं. "हेच?" मी विचारलं. माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. त्या म्हणाल्या, "याला आता नुसतं झाकून शांत ठेवायचं आहे. त्या कामाला हेच चांगलं. वस्तू वाईट नसते, बाई, जागा चुकते." बाकी तिघांवरही तात्पुरतं काहीतरी लावलं आणि मला थांबायला सांगितलं. नस शांत झाली तर दात जगला. ठणका सुरू झाला, झोपू देईना, तर नस गेली.

थांबण्याचे ते आठवडे सर्वांत वाईट. धागा दातानं तोडायचा नाही, हे मी तेवढ्यापुरतं मान्य केलं होतं. गळ्यात दोरीला कात्री बांधली. हात तिकडे जायच्या आधी तोंड उघडायचं. माझं एक जाळं होईपर्यंत इतर जणींची दोन होत. चावडीच्या सावलीत आम्ही बाया जाळी घेऊन बसतो, तिथं पुष्पा रोज काहीतरी सोडायची. "राणीचे दात तिजोरीत ठेवले का व?" "या उमरीत दात वाचवून कोणाले चावतं?" बाकीच्या हसायच्या. मी एक दिवस म्हटलं, "तुले चावतो. थांब, पक्के होऊ दे." त्यावर सर्वांत जास्त पुष्पाच हसली. ती वाईट नाही. तिच्या दाढेला भोक आहे आणि तिला पकडीची भीती वाटते, म्हणून ती दुसऱ्याच्या दातांना हसते.

पण घरी आल्यावर मला हसू येत नसे. दर जेवणाला मी तो दात जिभेनं चाचपायची. जरा ठसठसलं की वाटायचं, गेला. एक दात गेला की दुसरा कलतो, दुसरा कलला की तिसरा हलतो, हे मी मायच्या तोंडात बघितलं होतं. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीचा राग येत होता. मुरलीला म्हटलं, "मरण येवो, पण तोंडात दात घेऊन येवो." तो म्हणाला, "मरणाचं राहू दे. भात वाढ." त्याच्या बोलण्यानं बरं वाटलं.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी कापसाच्या बोळ्यावर काहीतरी फवारलं. बोळ्यावर पांढरं हिव जमलं. "हे मी दाताला लावणार. काही जाणवलं तर हात वर करा. जाणवलं नाही तर नस मेली. जाणवलं आणि कळ बराच वेळ राहिली, तर ती मरणाच्या वाटेवर आहे. जाणवलं आणि लगेच थांबलं, तर ती जिवंत आहे."

त्यांनी आधी दुसऱ्या, चांगल्या दाताला लावून दाखवलं. मग त्या डाव्या दाताला.

पहिल्या क्षणी काहीच नाही. मी छताकडे बघत होते. हात मांडीवर तसाच. मग सुरीसारखी कळ गेली आणि माझा हात इतक्या जोरात वर झाला की मॅडमच्या चष्म्याला लागला. त्यांनी बोळा काढला. कळ गेली. आली तशी गेली.

दुखलं म्हणून इतका आनंद मला पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता. मी रडत होते आणि तोंडात नळी असल्यामुळे धड रडताही येत नव्हतं. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "जिवंत आहे. आता पक्कं काम करू."

पक्कं काम म्हणजे पुन्हा कॉम्पोझिट. मी विचारलं, "खाली पण झिरकोनियाच लावा न. मंग कोणी कोणाले खाणार नाई." हा प्रश्न तुम्हालाही पडेल, म्हणून त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते. त्या म्हणाल्या, "खाली कॅप बसवायची तर हे चार दात आणखी कापावे लागतील. आधीच थोडे उरले आहेत. आणि रोज कामात घासणार तर कोणीतरी झिजणारच. मग भरण झिजू दे. भरण मी दहादा लावून देईन. दात मला लावता येत नाही."

तोंडात रबराची चादर ताणून दात कोरडे ठेवले. थुंकी लागली की कॉम्पोझिट नीट चिकटत नाही, म्हणून. दाताला आधी जेल लावून धुतलं, मग चिकटवायचं द्रावण, त्याला बाँडिंग म्हणतात, मग राळ, थराथरानं, प्रत्येक थराला निळा दिवा. शेवटी मी पुन्हा जाळं मांडीवर घेतलं आणि धागा तोडला, निळा कागद, लाल कागद. जिथं जड लागत होतं तिथं त्या घासत गेल्या. चारही दातांवर सारखी, फिकी रेघ आली तेव्हाच त्यांनी मला सोडलं.

आता माझं कसं चाललं आहे ते खरं सांगते. शिसं पक्कडीनं. त्यात तडजोड नाही, आणि चावडीवर कोणी गोळी तोंडात घातली तर मी हातावर फटका मारते, मग ती सून असो की सासू. जाड नायलॉन कात्रीनं. बारीक धागा मी अजून दातानंच तोडते. हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. भरण उडालं तर या." एकदा एक कोपरा उडाला, गेले, लावून आले. त्यात लाजायचं काय? जाळं फाटतं, आपण सांधतो.

सगळेच दात वाचत नाहीत. काही काढावेच लागतात, हे मलाही मान्य आहे. माझा एक वाचला नसता तर मी काढला असता. पण बघून, विचारून, समजून. पांढरं आहे म्हणजे सारखं आहे असं धरू नका. तुमच्या दातावर काय लावतात, ते विचारा, आणि त्याच्या समोर काय आहे, तेही विचारा. तुम्ही विडी वळत असाल, शिवण करत असाल, तोंडात खिळे धरून सुतारकाम करत असाल, तर ते सांगा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही, पण प्रत्येकीला अशी मॅडम भेटेल असं नाही. तोपर्यंत आपलं तोंड आपणच सांभाळायचं.

काम पूर्ण झालं त्या दिवशी मी बस स्टँडवरून सरळ मायकडे गेले. ती अंगणात चटईवर बसली होती. मी तिच्या समोर बसून तोंड उघडलं. तिला नीट दिसत नाही, म्हणून तिनं बोट घातलं. आधी वरच्या कॅपा चाचपल्या, मग खालचे चार, एकेक करून. डाव्या बाजूच्या त्या दातावर तिचं बोट थांबलं.

"हे तुहेच हायेत?"

"माहेच हायेत, माय. वरून जरासं लावलं."

"हाललेले?"

"नाई. झिजले होते. एक मरत होता. वाचला."

तिनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "ठेवता येत होते, तं माहे काऊन काढले?"

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिचा हात धरून बसले. तो प्रश्न विचारायला तिला तीस वर्षं उशीर झाला होता आणि ज्यांना विचारायचा ते सगळे निघून गेले होते.

तुमच्या समोर कोणी पकड घेऊन उभा राहील, तेव्हा मायचा प्रश्न आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका.